पट्ट्यापट्ट्यांची भिंत

पैसेवाल्यांना दरवर्षी भिंतींचा कंटाळा येतो, त्यावरच रंगाऱ्याचं पोट चालायचं. त्यांच्या डब्यांच्या तळाशी उरलेल्या रंगातून तो आपल्या खोलीची एकच भिंत पट्टी-पट्टीने रंगवत होता. नवरा-बायकोला कसलीच घाई नव्हती.

एक दिवस बंगलेवाली बाई तणतणत दारात आली. "माझ्या बेडरूमचा रंग चोरलास? आता तुला कोण काम देतंय ते बघतेच!"

"उरलेला फेकून दे म्हणालात ना बाई? भिंतीवर फेकला."

बाई भिंतीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "माझ्या हॉलला अशीच भिंत हवी. पण तुझं उष्टं नको. प्रत्येक रंगाचा नवा, मोठा डबा आण."

 

तिची पाठ वळताच बायको म्हणाली, "एका पट्टीला अख्खा डबा? अहो, आपलं छतसुद्धा उरकलं म्हणायचं!"