कोणाची गंजी उपसायची

अमरावतीच्या कापूसबाजारात साहेबानं विलायतेची रीत लावून दिली होती: पंचांत ज्याच्या बाजूनं जास्त हात, तो चौधरी, हात फिरले की चौधरी घरी. टोकाची कापसाची गंजी पेटली, तसा गोधाजी चौधरी ओरडला, “शेजारची उकंडरावाची गंजी उपसा, आग तिथंच थांबते!”

“उपसा ना,” उकंडराव म्हणाला. “पण माया अन् माया दोन्ही साळ्याईचा हात उद्यापासून तुमच्या बाजूनं नाही.”

गोधाजीनं मनातल्या मनात हात मोजले, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची, पंचांत कोणीच नसलेल्या तानुबाईची गंजी उपसायला लावली. पंचांनी एकमतानं माना डोलावल्या.

“आग तं तिकडे चालली, दादा! मायी गंजी काहून उपसता?”

“तुयी उपसली तं मायं चौधरीपण जात नाही, बाई.”