दुसरी फवारणी

पहिला ठोसा थोरल्याने मारला, आणि तोही झाडाकडे बघत. "सांगा कुणीतरी या गाढवाला, फुलं एकदाच जाळायची असतात!"

धाकट्याचं नाक फुटलं. त्याने बाहीला रक्त पुसलं आणि समोरच्या पीचच्या खोडाला ऐकवलं, "फवारून झालंय हे सांगायला कुणाची जीभ झडली होती?"

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दोघे भाऊ एका छपराखाली राहायचे, एकच बाग सांभाळायचे आणि एकमेकांशी अक्षरही बोलायचे नाहीत. निरोप सगळे थोरल्याच्या बायकोमार्फत. परवा तिची दाढ काढली. ती दिवसभर तोंडात कापसाचा बोळा धरून पडून राहिली, आणि या दोघांनी बागेची माती केली.

फुलांवर गंधकाचं पाणी मारायचं ते दहातली सात जळावीत म्हणून. उरलेल्या तीन फुलांची फळं मग चांगली मुठीएवढी होतात. थोरल्याने सकाळी मारलं. दुपारी धाकट्याने त्याच झाडांवर पुन्हा मारलं. वासावरून तरी कळायला हवं होतं, पण फवारणीच्या दिवसांत त्या घरात चहालासुद्धा सडक्या अंड्यांचा वास येतो. आज चारशे झाडांवर एक फूल धड नव्हतं. वर्ष हातचं गेलं होतं.

थोरल्याने गचांडी धरून त्याला खाली आपटलं, छातीवर बसला आणि मारत सुटला. धाकट्याने चाचपडत हाताला लागली ती बादली त्याच्या तोंडावर हाणली. बादलीच्या तळाशी परवाचं औषध उरलं होतं.

थोरला किंचाळला. डोळ्यांवर हात दाबून गडाबडा लोळायला लागला.

धाकटा धडपडत उठला. मग त्याने थोरल्याचे केस धरले, फरफटत हौदापर्यंत नेलं आणि डोकं पाण्यात बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. थोरल्याला वाटलं, आता हा जीवच घेतो. तो लाथा झाडत होता, हाताला कडकडून चावत होता. पापण्या मात्र त्याने घट्ट मिटून घेतल्या होत्या, आणि औषध आतच राहत होतं.

आरडाओरडा ऐकून वहिनी धावत आली. नवऱ्याला बुडवणारा दीर तेवढा तिला दिसला.

"सोडा त्यांना! भाऊजी, सोडा म्हणते ना!"

तो सोडेना. तिने कुदळीचा दांडा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला.

धाकट्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त कानावरून ओघळून हौदात पडायला लागलं. थोरल्याचं भिजलेलं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. केसांवरची पकड त्याने सोडली नाही.

"हवं तेवढं मारा, वहिनी," तो रडत म्हणाला, "पण आधी दादाला सांगा, डोळे उघड म्हणावं. डोळे जातील हो त्याचे!"

वहिनीच्या सुजलेल्या तोंडातून शब्द फुटायच्या आत थोरल्याने डोळे उघडले.