हात माझा, डोकं तुमचं

मिस्त्रींनी लग्नाच्या वर्षी घेतलेल्या मोटारीतून जळका वास येऊ लागला. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वायर चाचपली. स्वतःचं गॅरेज होतं तेव्हा ते नुसत्या बोटांनी बिघाड सांगायचे. आज बोट भाजून फोड आला, तरी कळलं नाही. बायकोने तो पाहिला. “बोटं बधिर झालीत? बोलला नाहीत.” “तू गाडी विकायला लावली असतीस.” तिने बाह्या सरसावल्या. “सरका. हात माझा, डोकं तुमचं.” ती वायरवरून बोट फिरवू लागली. “मध्ये कशी लागते?” “कोमट.” “टोकाला?” “अहो, चटका बसला.” “मग तिथलाच जोड सैल झालाय.” गंजलेलं टोक कापून नवं बसवलं. आता वायर तापेना. संध्याकाळी दोघं पूर्वीसारखी फिरायला निघाली. गिअरवरच्या त्यांच्या हातावर तिने हात ठेवला. त्यांना जाणवलं नाही. सिग्नलला थांबल्यावर तिचा हात दिसला, तेव्हा त्यांनी आपला तळहात हळूच उलटा करून तो धरला.