बस्त्यातला प्रोसेसर

"ताई, लवकर बोला. ग्राफिक्सवाला टाकू की बिन-ग्राफिक्सचा?"

फोनवर अखिल होता, जळगावातल्या कॉम्प्युटर दुकानाचा मालक. आणि डिंपल बसली होती कापडाच्या दुकानात, पांढऱ्याशुभ्र गादीवर, स्वतःच्याच लग्नाच्या बस्त्याला. शेजारी तिची आई इंदिराबाई, समोर होणारी सासू भिकुबाई आणि मधे साड्यांचा हा डोंगर. अशा जागी बाई माणूस प्रोसेसरवर बोलेल तरी कसं?

"सांगते थोड्या वेळानं," ती पुटपुटली.

"आज जोडला तरच हळदीच्या आधी मिळेल बरं का," अखिल म्हणाला. "मी लाइनवर थांबतो."

कॉम्प्युटर तिच्या स्वतःच्या कमाईचा होता. जामनेरला पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं पैसे साठवले होते. आजवर ती भावाच्या खटारा लॅपटॉपवर ऑनलाइन गेम खेळायची, तो ऐन लढाईत गचके खायचा. तरी तिथं ती चौघांच्या टीमची कॅप्टन होती. 'हळू बोल', 'सांभाळून बस' असं तिथं तिला कुणी म्हणत नसे. ते सुख तिला सासरी न्यायचं होतं, बस.

पण मागचं स्थळ यापायीच मोडलं होतं. 'मुलगी गेम खेळते म्हणे,' एवढंच कळवून त्यांनी पत्रिका परत पाठवली. तेव्हापासून इंदिराबाईंनी धसका घेतला. त्यांनी शक्कल काढली, कॉम्प्युटर रुखवतात मांडायचा आणि सांगायचं, जावयाच्या केळीच्या बागेचे हिशेब ठेवायला लेकीनं आणला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या होत्या. "आत काय आहे ते कोण बघतंय?"

घोडं अडलं होतं प्रोसेसरवर. ग्राफिक्सवाला घेतला तर पडद्यावर चित्र उमटवायला वेगळं कार्ड लागत नाही. डबा गरीब गायीसारखा दिसतो, हिशेबाचा म्हणून सहज खपतो. पण मोठा गेम त्यावर रडतखडतच चालायचा. तेवढ्याच पैशात बिन-ग्राफिक्सचा चांगला दणकट येत होता. मात्र त्याला कार्ड लागणारच, नाहीतर पडदा काळाठिक्कर. बरं, कार्ड घ्यावं तर तिच्या पैशात जुनंपानंच बसत होतं. शिवाय त्याचे पंखे डब्याच्या काचेतून लखलखणार आणि रुखवत बघायला तर अर्धं गाव वाकणार. म्हणजे एक प्रोसेसर घेतला की जन्मभर लपवा, दुसरा घेतला की आत्ताच सांगा.

भिकुबाई एकेक साडी उचलत होत्या. समोरून बघतच नव्हत्या. पदर उलटा करायच्या, मागचे धागे बोटानं चाचपायच्या, मग बाजूला टाकायच्या. एक जांभळी साडी त्यांनी डिंपलच्या मांडीवर ठेवली.

"समोरून सारंच चांगलं दिसते, पोरी. उलटं करून पाह्य."

दुकानाच्या दाराशी पुरुष मंडळी बसली होती. त्यांत नवरदेव भूषण. सकाळपासून या गृहस्थानं चहा तेवढा प्यायला होता, तोंडातून शब्द काढला नव्हता. डिंपलला वाटे, हा माणूस असा गप्प का? मुक्ताईनगरकडे त्यांचं घर पाहायला ती आईबरोबर गेली होती तेव्हाही तसाच. सगळं घर दाखवलं होतं, एक खोली सोडून. "तिथं खत भरलंय, वास मारते," असं भिकुबाई घाईघाईनं म्हणाल्या होत्या. दाराला कुलूप होतं आणि फटीतून एक निळी वायर आत गेली होती. ठिबक सिंचनाचं काहीतरी असेल, असं ती धरून चालली होती.

फोन पुन्हा कुरकुरला. "ताई, ग्राफिक्सवाला की बिन-ग्राफिक्सचा?" अखिलचा आवाज पार दारापर्यंत गेला.

"कोनाचा फोन हाये इतका?" भिकुबाईंनी विचारलं.

"दुकानाचा हो," इंदिराबाई मधेच बोलल्या. "हिशेबाचा कॉम्प्युटर देतोय ना आम्ही रुखवतात."

"हिशेबाले इतका इचार लागते?"

इंदिराबाईंनी लेकीला गुपचूप चिमटा काढला. डिंपलनं हातातली जांभळी साडी उलटी केली. मागं धागे लोंबत होते, गाठी होत्या. तिला एकदम स्वतःचीच चीड आली. पुढं कितीतरी वर्षं याच बाईच्या घरात राहायचं, आणि पहिल्याच दिवसापासून तिच्याशी खोटं?

"आत्याबाई, हिशेबाचा नाही," ती म्हणाली. "गेम खेळायला घेतेय. मी रोज खेळते. लग्नानंतरही खेळणार. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, बस्ता बांधायच्या आधी."

साडी उलगडणाऱ्या नोकराचा हात हवेतच राहिला. इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. झालं, हेही स्थळ गेलं. दाराशी बसलेले पुरुष वळून बघायला लागले. डिंपलच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं मान खाली घातली नाही.

भिकुबाईंनी हातातली साडी नीट घडी करून ठेवली. मग डिंपलकडे न बघता त्या दाराकडे वळल्या.

"काय रे भूषण, आता तू बोलतो का मी बोलू?"

भूषण उठला. कानाच्या पाळ्या लालबुंद. गादीच्या कडेशी येऊन, चपला काढायचंही भान न राहता, दिवसभरातलं पहिलं वाक्य तो बोलला.

"बिन-ग्राफिक्सचाच घ्या. कार्ड माझ्याकडे जास्तीचं पडलंय, खताच्या खोलीत."