खालून येणारे ठोके

मिनिटाला एकशे सत्तर ठोके.

पोछ्याचा दांडा.

दाराखालच्या फटीत लुकलुकलेला पिवळा उजेड.

संध्याकाळचे सहा.

सहापर्यंत तिचं गाणं पोचलं नाही तर रेकॉर्डची दुसरी बाजू दुसऱ्या कुणालातरी जाणार होती. रेकॉर्ड काढणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून तर सवलत नाही. गाणं आजचं, ड्रम अँड बेस: वर धावते ड्रम, खाली खर्जातला बेस. पण वळण हवं ते ही शैली जिच्यातून निघाली त्या तीस वर्षांपूर्वीच्या 'जंगल' संगीताचं.

"ताई, ड्रम छापील वाटतात गं," तो फोनवर म्हणाला. "जुन्या जंगलमधले ड्रम धावायचे, धडपडायचे, धापा टाकायचे. तुझे हजेरी लावून घरी जातात."

"तीन आठवडे जुन्या रेकॉर्डवरच्या ड्रमचे तुकडे कापून जोडतेय. बोटं झिजली."

"मुळं दिसत नाहीत."

"मग माळी बघ!"

तिने फोन ठेवला, गाणं लावलं. बेस सुरू झाला तशी जमिनीखालून सुरुवात झाली. ठक. ठक-ठक. खालचा नवा भाडेकरू छताला दांडा ठोकत होता.

तिने बेस काढून टाकला, नुसते ड्रम ठेवले. खालून दुप्पट जोरात धडधड. तिने हेडफोन घातले. खोलीत चिडीचूप, तरी दांडा थांबेना.

"आता काय माझा श्वास खुपतो का?" ती जमिनीवर ओरडली.

तरातरा खाली गेली. बेल दाबली. घंटा वाजलीच नाही. फटीत पिवळा उजेड लुकलुकला. दार उघडलं. साठीचे गृहस्थ, एका हातात पोछा, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावलेला.

"काका, आवाज होता तेव्हा ठोकलंत, ठीक. बंद केल्यावर कशाला?"

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू तिच्या दातांत काही अडकलंय. मग बोट वर केलं. पुन्हा वर.

"हाकलता होय? जाते!"

वर येऊन तिने स्पीकर जमिनीवर पालथे घातले, बेस पूर्ण सोडला. घ्या.

खाली शांतता. तिला जरा बरं वाटलं. मग ठक. या वेळी हलकेच, गाण्याच्या दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत. ठक-ठक. तिने चडफडत माईक जमिनीला टेकवला. घरमालकाला ऐकवायला पुरावा.

सहाला पाच कमी. वैतागून तिने तेच रेकॉर्डिंग भावाला पाठवलं: "ऐक, असल्या घरात काम करते मी."

त्याचा लगेच फोन. "ताई, हा ड्रमर कुठे मिळाला? जरा मागे रेंगाळतो आणि पळत येऊन गाठतो. हेच हवं होतं! दुसरी बाजू तुझी."

"ड्रमर कसला, डोकेदुखी आहे. त्या माणसाला माझं गाणं ऐकवत नाही."

तीन आठवड्यांपूर्वी, सामान लावायच्या आधी, खालच्या भाडेकरूने वायरमन बोलावून बेलची घंटा काढून टाकली होती आणि तिच्या जागी पिवळा दिवा बसवून घेतला होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.