राहिलेली बाही

“कुणाचा विश्वास बसणार नाही पोरी, पण माझा थोरला जन्मल्यावर पाऊण तास रडला नाही,” मावशी म्हणाल्या. “आणि रडायला लागला तेव्हा असा लागला, की गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली.”

पहिलटकरणीचे डोळे पडद्याकडे होते. बाळ जन्मून बरीच मिनिटं झाली होती. पडद्याआड डॉक्टरबाई आणि दोन सिस्टर त्याच्यावर वाकल्या होत्या. एक सिस्टर हलक्या आवाजात आकडे मोजत होती. दुसरा आवाज नव्हता.

मावशी या वॉर्डातल्या जुन्या आया. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाळ पायाळू आहे हे ठाऊक असूनही पोरगी सकाळी कळा बधिर करणाऱ्या पाठीतल्या सुईला नको म्हणून बसली होती. कळाच कळल्या नाहीत, तर जोर कधी लावायचा? डॉक्टरबाईंनी समजावलं. वेळेआधी जोर लागला तर अंग बाहेर येतं आणि डोकं अडकतं. सुई घेतली की तो जोर आवरता येतो. कधी लावायचा ते मी सांगते. पोरगी ऐकेना. मग मावशींनी थोरल्याची गोष्ट काढली. तोही पायाळूच. पाठीत सुई टोचून घेतल्यावर त्यांनी म्हणे पडल्या पडल्या त्याचा स्वेटर विणला. एक बाही तेवढी राहिली.

पोरगी हसली, आणि पाठ वाकवून बसली.

सुईने काम चोख केलं. दुखणं थांबलं. सांगितलं तेव्हाच तिने जोर लावला. अंग अलगद आलं. डोकं तरीही अडलं.

“पायाळूचं तोंड सगळ्यांत शेवटी बाहेर येतं,” मावशी म्हणाल्या. “मग रडायलाही उशीर होणारच की.”

कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. सगळ्या अंगात दुखत होती ती मावशींच्या मुठीतली तिची बोटं.

पडद्याआडचे आकडे थांबले.

“मावशी, ती बाही मग कधी विणलीत?”

“ती होय? ती राहूनच गेली बघ.” मावशींची मूठ आणखी आवळली. “पण पाऊण तासानंतर काय झालं सांगू, थोरल्याने असा काही टाहो फोडला...”

“मावशी,” ती म्हणाली, “तुमचा थोरला रडलाच नाही ना?”