दोन यार्ड

टीव्हीच्या पडद्यावर चौथं नाव आलं तेव्हा नोरीन पोरांना राजमा-खिम्याची चिली वाढत होती. नाव त्यांच्या कॉलेजचं, बर्डेटचं नव्हतं.

हॉलमध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातली ऐंशीच्या वर मुलं, त्यांच्या मांडीवर चिलीचे वाडगे, वाडग्याशेजारी दालचिनीचे रोल. कोणी ओरडलं नाही. एकाने तेवढा चमचा खाली ठेवला, अगदी हळू, घरात कोणी झोपलेलं असावं तसा. तेरा सामने, तेरा विजय. बाद फेरीच्या जागा चारच, आणि शेवटची जागा गेली ती दोनदा हरलेल्या संघाला. तो मोठ्या विद्यापीठांच्या गटातला होता, बर्डेट लहान गटातलं.

"दोनदा हरलेत रे ते," सिओने म्हणाला. तो आघाडीच्या फळीतला, दोन खुर्च्या जोडून बसणारा. "आपणच चुकलो. एकदा तरी हरायला हवं होतं."

एरवी त्याच्या अशा बोलण्यावर हॉल खदखदला असता.

पडद्यावर निवड समितीचे अध्यक्ष समजावून सांगत होते. बर्डेटबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांचा गट दुबळा. ते खेळले तरी कोणाशी?

"तुम्ही खेळता का आमच्याशी?" मॅब्री पडद्याकडे बघून म्हणाला. चेंडू फेकणारा तो, संघाचा म्होरक्या. कॉलेजचं शेवटचं वर्ष. "बोला की! खेळता का?"

नोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. लाइल, संघाचा कोच, भिंतीला टेकून उभा होता. तीन वर्षं तो मोठ्या विद्यापीठांना फोन करत होता. तुमच्या मैदानावर येतो, म्हणाल त्या तारखेला येतो, फक्त एक सामना द्या. एकाच कोचने खरं काय ते सांगितलं होतं. "तुम्हाला हरवून आम्हाला काय मिळणार? आणि हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. राग मानू नका, लाइल."

"शिवाय तो शेवटचा सामना," अध्यक्ष पुढे बोलत होते. "इतक्या कमजोर संघावर फक्त एकवीस गुणांनी विजय. खरा मोठा संघ तिथे थांबत नाही."

आता सगळे लाइलकडे बघू लागले. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते, ते नोरीनला जास्त लागलं.

त्या दिवशी समोरच्या संघात तापाची साथ होती. अकरा जण अंथरुणात, उरलेले विश्रांती न घेता चढाई आणि बचाव दोन्हींत खेळत होते. एक पोरगा रेषेवरच ओकला, तोंड पुसून पुन्हा उभा राहिला. तिसऱ्या सत्रात लाइलने आपले चांगले खेळाडू बाहेर बसवले. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा मॅब्रीला परत धाडलं, चेंडू नीट सांभाळायला. गुणरेषा दोन यार्डांवर होती. लाइलने कडेवरून हात खाली दाबून खूण केली: चेंडू घे, गुडघा टेक, वेळ जाऊ दे. मॅब्रीने तीनदा गुडघा टेकला; तीनदा चाल तिथेच संपली, गुण झाले नाहीत. सामना संपल्यावर समोरचा कोच मैदान ओलांडून आला आणि लाइलच्या गळ्यात पडून रडला. वर प्रेक्षकांत बसलेल्या नोरीनने शेजारणीला कोपर मारलं होतं. "बघ, म्हणून केलं मी याच्याशी लग्न."

"मी विचारलं होतं, कोच," मॅब्री म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दोनच यार्ड आहेत, घेऊ का, म्हणून विचारलं होतं."

"विचारलं होतंस," लाइल म्हणाला. "मी नको म्हणालो."

कोणीतरी टीव्ही बंद केला. लाइल पुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हात खिशात घातले, मग काढले. शेवटच्या वर्षाची बावीस मुलं पहिल्या दोन रांगांत होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी बसून त्याने आईबापांना शब्द दिला होता: जिंकत राहिला तर तुमच्या मुलाला कोणी अडवू शकणार नाही.

"पोरांनो, तुमची काही चूक नाही," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून वेस उठला. मॅब्रीनंतर त्याची जागा घेणारा, एकोणीस वर्षांचा.

"कोच, पुढच्या वर्षी मी असेन तिथे. समोरचे आजारी असले तर?"

लाइलने बंद टीव्हीकडे पाहिलं.

"उभंही राहवत नसेल त्यांना. तरी गुण मारायचे?"

नाही म्हण, नोरीन मनात म्हणाली. लाइल, नाही म्हण. तो एकदा तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं. तो मॅब्रीकडे बघत होता. मॅब्रीने मान खाली घातली होती आणि त्याचे रुंद खांदे हलत होते.

"तरी," लाइल म्हणाला. "शेवटच्या सेकंदापर्यंत."

कोच बैठकीत जे सांगेल ते लिहून घ्यायची बर्डेटमध्ये शिस्त होती. वेस खाली बसला. त्याने वही उघडली. मग त्याच्या शेजारच्याने, मग पुढच्या रांगेने. जराशाने त्या हॉलमध्ये कागदावर पेनं फिरल्याचा तेवढा आवाज येत राहिला.